शेवटचे पन्नास फूट

हल, इंग्लंड
मे महिन्यातला दुसरा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलायचं ते कागदावर लिहितेय, कारण फोनवर बोलायचं ते फोनवर बोलता येत नाही. गेल्या रविवारी बाबा "मी काय ठरवलंय ते ऐक" म्हणाले आणि उघड्या तोंडानिशी थांबले ते थांबलेच. अकरा मिनिटं आम्ही त्यांची वरची दाढ बघत होतो. धाकटीनं स्क्रीनला बोट लावून विचारलं, "आजोबा फोटो झाले?" मराठी घरात असं बोलू नये हे तिला इंग्लंडात बसून कसं समजावणार? मी नुसतं "शुभ बोल गं" म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा, तुमच्या वहीच्या पानाचा फोटो मात्र रात्री कधीतरी येऊन पडला. 'घरगुती इंटरनेट जोडणी : तुलनात्मक तक्ता.' रकाने पट्टीनं आखलेले, समास लाल शाईचा. ट्रेझरीतून निवृत्त झालात, पण ट्रेझरी तुमच्यातून निवृत्त झालेली नाही. हा तक्ता मी लगेच ओळखला. माझ्या लग्नाच्या वेळी असाच एक होता. तेव्हा 'वेग'च्या जागी 'पगार' होता आणि 'दरमहा आकार'च्या जागी 'अपेक्षा'. शेवटचा रकाना तेव्हाही 'शेरा' हाच. तुमच्या जावयांपुढे 'मितभाषी' असं लिहिलं होतंत. चौदा वर्षं झाली, शेरा कायम आहे.

आता यंदाची चार स्थळं. एक सरकारी, एक मोठी खासगी, एक आपला केबलवाला, आणि एक छपरावर थाळी लावून हवेतून घ्यायचं ते. पहिल्या तिघांची फायबर, म्हणजे काचेची तार. तुम्ही चौघांपुढे वेग लिहिलाय, पण जाहिरातीतला त्या आकड्याआधीचा एक शब्द गाळलात. 'पर्यंत.' शंभरपर्यंत, दोनशेपर्यंत. हापूसच्या पेटीचा वरचा थर आणि खालचा थर यांतला फरक रत्नागिरीच्या माणसाला मी काय सांगणार? एका काचेच्या तारेवर वाटेत फाटे फोडून बत्तीस, कधी चौसष्ट घरं जोडतात. दुपारी तीनला सगळी आळी झोपलेली असते तेव्हा वरचा थर मिळतो. रात्री मॅच सुरू झाली की पेंढा बाजूला करून आंबा शोधायचा.

आणि समासात तुम्ही विचारलंय, शंभरचा वेग आहे तर शंभर एमबीची फाइल एका सेकंदात का उतरत नाही, ही फसवणूक नव्हे काय? नव्हे, पण भाऊबंद आहे. वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तुमच्या भाषेत, वेग चवल्यांत सांगतात आणि माल रुपयांत मोजतात. शंभर चवल्यांचे साडेबारा रुपये. शिवाय छापलेल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी, तो तुमच्या रकान्यात नाही. ट्रेझरीच्या माणसाकडून ही चूक व्हावी याचं जावयांना फार बरं वाटलं.

खरं म्हणजे तुम्हाला लागतं किती? २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्या केली तेव्हा २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेली. आपल्या व्हिडिओ कॉलला दोन-तीन मेगाबिट पुरतात, फक्त जाताना आणि येताना दोन्हीकडे पाहिजेत. आईची मालिका आणि गणपतीत येणारे दादाचे चौघं धरले तरी तीस-पन्नासात भागतं. "काका, तीनशेचं घ्या, मग अडकणार नाही" असं जो मुलगा सांगून गेला, त्याला मी दोष देत नाही, त्याचंही पोट आहे. पण तुमचं अडकतंय ते भिंतीला. राउटर माजघरात, तुम्ही पडवीत, मध्ये पणजोबांनी बांधलेली दीड फुटी चिऱ्याची भिंत. त्या भिंतीनं वादळं परत पाठवलीत, वायफाय काय चीज आहे? तीनशेचं घेतलंत तर तीनशे भिंतीला धडकतील, एवढाच फरक. वायफायच्या दोन लहरी असतात. पाचची वेगवान पण नाजूक, अडीचची (नेमकं २.४) हळू पण भिंतीतून जरा जास्त शिरणारी. फोनमध्ये अडीचवाली निवडा. त्याहून उत्तम म्हणजे राउटरपासून पडवीपर्यंत साधी लॅनची तार ओढून तिथे दुसरा छोटा डबा बसवून घ्या. खर्च एकदाच.

चौथ्या स्थळाचं तेवढ्यात उरकते. तार नाही म्हणजे तुटायची नाही, हा तुमचा शेरा बरोबर. पण थाळीला टॉवरच्या दिशेनं मोकळं लागतं, आणि आपल्याकडे त्या दिशेला शेजारच्या भाऊकाकांचे माड आहेत. मेमध्ये छान चालेल म्हणून घ्याल आणि जुलैत ओल्या झावळ्यांच्या आड बसाल. भाऊकाकांना माड तोडायला सांगण्यापेक्षा इंटरनेट नसलेलं परवडेल.

आता आमची कथा ऐका, कारण तुम्हाला वाटतंय की इंग्लंडात हे सगळं बसल्या जागी होतं. हल हे बंदराचं गाव. एके काळी इथे आपल्या मिरकरवाड्यासारखीच मासळीची उलाढाल होती. आइसलँडशी कॉड माशावरून भांडण झालं आणि सत्तरच्या दशकात धंदा बसला. पण या गावाचा खरा हट्ट टेलिफोनचा. १९०४ साली इथल्या नगरपालिकेनं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज काढलं. १९१२ मध्ये देशातले बाकीचे जवळपास सगळे फोन पोस्ट खात्याकडे गेले, तरी हलनं आपला सोडला नाही. म्हणून पोस्टकार्डावर दिसते ती लाल टेलिफोनची खोकी साऱ्या इंग्लंडात, आणि हलमध्ये मात्र सायीच्या रंगाची. ती नगरपालिकेची कंपनी पुढे खासगी झाली, पण गावात बरीच वर्षं घरगुती इंटरनेट म्हणजे तीच एक कंपनी. आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, ते दिवस सुखाचे होते, तक्ते करावे लागत नव्हते.

आता इथेही नवीन कंपन्या आल्या आहेत. जमिनीखालच्या जुन्या नळ्या त्यांच्या नाहीत, म्हणून त्यांनी रस्तोरस्ती लाकडी खांब रोवायला घेतले. मग काय, लोकच रस्त्यावर उतरले. पाट्या घेऊन. खांब नकोत म्हणून! आमच्या आजी तर खुर्ची टाकून खड्ड्याशेजारी बसल्या. खांबानं खिडकीतला देखावा बिघडतो म्हणाल्या. देखावा काय, तर आमचे कचऱ्याचे डबे. मला तेव्हा आपली मांडवी आठवली. आपल्याकडे खांबाचा प्रश्नच नाही, माड उभे आहेत. तार या माडावरून त्या माडावर, तिथून भाऊकाकांच्या पन्हाळीला, पन्हाळीवरून आपल्या कौलात. शिमग्याला भैरीची पालखी आली की एकानं बांबूनं तार वर धरायची आणि बाकीच्यांनी पालखी नाचवायची. देखावा बिघडतो असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या दारावरही एका नव्या कंपनीचा मुलगा आला. करार चोवीस महिन्यांचा. तुमच्या मितभाषी जावयांनी एकतीस पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "एप्रिलात किती वाढणार?" पूर्वी इथे लिहायचे, महागाईचा दर अधिक इतके टक्के. म्हणजे पुढल्या वर्षीचं भाडं भविष्य बघून काढायचं. जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत वाढ पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून आणखी एक सोय झाली. कंपनी बदलायची तर फक्त नवीला सांगायचं, जुनीचा काडीमोड तीच घेते. आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांत माणूस ठरल्या वेळी आला नाही तर भरपाई मिळते. हे ऐकून बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल. केबलवाल्याचा पोरगा 'येतो, येतो' म्हणाला त्याची भरपाई मिळाली असती, तर आपली कौलं आतापर्यंत तांब्याची झाली असती.

पण मी विचार करत बसले की तुमचा चेहरा इथपर्यंत येतो कसा. मांडवीहून मुंबई, मुंबईहून समुद्राच्या तळातून अरबस्तानला वळसा, तांबडा समुद्र, इजिप्त, युरोप, आणि मग हल. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हा सगळा प्रवास डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि अडतं कुठे? भाऊकाकांच्या माडापासून आपल्या कौलापर्यंतच्या पन्नास फुटांत. आजोबा आगबोटीची गोष्ट सांगायचे ना, तीच ही. मुंबईहून रात्रभर बोट सुखानं यायची आणि मांडवीसमोर समुद्रात उभी राहायची. मग ट्रंका, पोरं आणि वळकट्या पडावात उतरवायच्या. भिजायचं, ओकायचं, ट्रंक पाण्यात जायची, सगळं धक्का दिसायला लागल्यावर. "बोट कोणती ते विचारू नये, पडाव कोणाचा ते विचारावं," असं आजोबा म्हणत. बाबा, तुमच्या तक्त्यात चार बोटी आहेत. पडावाचा रकाना नाही.

तो मीच घालून पाठवतेय. तार तुटली तर येणार कोण, राहतो कुठे, आणि पावसात माडावर चढतो का? शक्यतो जूनच्या आधी हे विचारा, जूनमध्ये विचारून उपयोग नाही. काचेला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तांब्यासारखा हिरवा चढत नाही हे खरं, पण वाळकी झावळ पडली किंवा माकडानं झोका घेतला की ती तुटते आणि मग जोडायला केसाएवढी काच यंत्रात धरून ठिणगीनं सांधावी लागते. ते यंत्र कुणाकडे आहे ते बघा. रात्री नऊला भाऊकाकांकडे आणि खालच्या आळीत जाऊन त्यांचं कसं चालतंय तेही स्वतः बघा. चहा प्यायला जाताच. आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, याला भुलू नका. पहिला पावसाळा महिन्या-महिन्यानं भरा.

तुमच्या शेऱ्यात केबलवाल्यापुढे 'मुलगा चांगला, देवळामागे राहतो' एवढंच लिहिलंय. मी आधी हसले होते. आता वाटतं, अख्ख्या तक्त्यात कामाची ओळ तीच आहे. त्याच पोरानं गेल्या वळवात आपली तक्रार सोडवली ना? दोन दिवस नेट नाही म्हणून बाबांनी त्याला फोनावर फोन केले. तो आला, खिशातलं मीटर काढून तार मोजली, आकडा ठीक निघाला, मग वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, प्लग काढलाय." वीज कडाडली म्हणून आईनं काढलेला. पोरगा कोकम सरबत पिऊन गेला आणि पैसे घेतले नाहीत. मोठ्या कंपनीत याच कामाला तक्रार क्रमांक मिळाला असता.

आई, प्लग काढतेस ते बरोबरच आहे गो. काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टर जळतो. फक्त परत लावत जा. डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकला म्हणजे तार तुटली. लाल दिवा म्हणजे चालू आहे, असं तू मागे सांगितलंस, ते गीझरचं. आणि त्या डब्यावरचं क्रोशाचं झाकण काढ, वर बांधलेली प्लास्टिकची पिशवीही. गळतं म्हणून बांधलीस ते समजलं, पण तो आत उकडून मरतोय. गळतं तिथून त्याला हलव, पिशवी कौलाला बांध.

लँडलाइन बाबांना सोडवत नाही, मलाही नाही. ०२३५२ लावल्याशिवाय घरी फोन केल्यासारखं वाटत नाही. तोच नंबर फायबरवर ठेवता येतो का ते आधी विचारून घ्या. एक लक्षात असू दे. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची, घरची वीज गेली तरी तो वाजायचा. काचेतून वीज येत नाही. इथेही तांब्याचे फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय आणि आमच्या आजींची ओरड हीच आहे. म्हणून डब्यासाठी छोटा यूपीएस घ्या. वीज गेली तर दोन-तीन तास काढतो. मुलांचा जीव तेवढ्यात टांगणीला लागत नाही.

थोरला विचारतोय, पाऊस लागला की समुद्र बघायला मिळेल का. रविवारी तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे साडेतीन, पण अंधारात काय दिसणार. त्यापेक्षा संध्याकाळी सहाला लावा, आम्ही दीडला जेवण उरकून बसतो. काही बोलू नका, फोन फक्त पडवीतून बाहेर धरा.

तुमची,
बाय

ता. क. फोन धरताना तोंड समुद्राकडे आहे ना, तेवढं बघा. मागल्या खेपेला चाळीस मिनिटं आम्ही पडवीतला पंखा पाहिला. डावीकडच्या पात्यावर जळमट आहे.