डाळपास्तेकर

डाळपास्तेकर ओळखायचा असेल तर त्याला सुपरमार्केटात गाठावे. बाकीची माणसे पुडा समोरून बघतात, हा मागून बघतो. चष्मा कपाळावर, पुडा नाकाला टेकलेला आणि ओठांची पुटपुट चालू: "प्रथिने... तंतू... सोडियम..." मागे ट्रॉली घेऊन खोळंबलेल्या बाईंना वाटते, गृहस्थांचे स्तोत्र संपले की आपला नंबर लागेल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुक्काम कोथरूड, ठाणे किंवा डोंबिवली, आणि मुलगी तिकडे असेल तर हिवाळ्यात न्यू जर्सी. मूळ आडनाव काही का असेना, काबुली चण्याचा नाहीतर मसुरीचा पास्ता ज्या दिवशी घरात शिरतो त्या दिवसापासून सोसायटीत त्याला हेच नाव पडते.

त्याचे धर्मांतर बहुधा रक्ततपासणीतून होते. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.1 येतो. मधुमेह नाही, पण 5.7 ते 6.4 या पट्ट्यात आलात म्हणजे त्याच्या दारापर्यंत पोचलात. डॉक्टर तीन गोष्टी सांगतात: पोळी-भात कमी करा, डाळी-उसळी वाढवा, रोज चाला. तिसरी गोष्ट त्याला ऐकू येत नाही. पहिल्या दोन मात्र तो भलत्याच मनावर घेतो.

इथे मोठी अडचण असते. डाळपास्तेकर लहानपणापासून डाळीचा वैरी. आमटी ढवळू न देता वरचे पाणी तेवढे भातावर घेणारा, मटकीचा एकेक दाणा ताटाच्या कडेला रांगेत लावणारा, मुगाच्या खिचडीचा वास आला की मित्राकडे अभ्यासाला जाणारा. आईने हात टेकले, बायकोने नुसता नाद सोडला. अशा माणसाला कोणीतरी सांगते की डाळ आता नळीच्या, पिळाच्या आणि फुलपाखराच्या आकारात मिळते, वर लाल सॉस घालून खातात. डाळीवरचा त्याचा राग एका संध्याकाळीत उतरतो. तिने डाळीसारखे दिसू नये, एवढीच काय ती त्याची अट होती.

या अटीसाठी तो पैसे मोजायला तयार असतो. छोट्याशा पुड्याच्या किमतीत किलोभर चणाडाळ येऊन वर सुटे पैसे उरतील, हा हिशोब आई त्याला दर महिन्याला ऐकवते. तो शांतपणे म्हणतो, "आई, त्यात संशोधन असतं." मग संशोधनाची कथा सुरू होते. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात ब्रायन आणि स्कॉट रुडॉल्फ या भावांनी 2014 साली काबुली चण्याचा पास्ता बाजारात आणला. पाठोपाठ बारिलाही उतरली, 1877 पासून पार्मात गव्हाचा पास्ता करणारी कंपनी; तिनेही मसूर आणि चण्याचे पुडे काढले. हे सगळे तो अशा आवाजात सांगतो की नव्या माणसाला वाटावे, रुडॉल्फ बंधूंना भांडवल यानेच दिले असणार.

आकडे तर त्याच्या जिभेवर. पुड्यावरचे एका वेळचे प्रमाण म्हणजे 56 ग्रॅम. गव्हाच्या पास्त्यातून तेवढ्यात साधारण 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, चण्याच्या पास्त्यातून 11. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे सत्तर किलोंच्या डाळपास्तेकराला सुमारे 58. "बघ, पाचवा हिस्सा एका ताटलीत!" तो टाळी वाजवतो. आई चष्म्यावरून बघते. "आणि गव्हाच्यापेक्षा जास्त किती?" चार ग्रॅम. आई उठते, डब्यातून मूठभर शेंगदाणे काढून त्याच्यासमोर ठेवते आणि पुन्हा मालिका बघायला बसते. शेंगदाण्यांत सहा ग्रॅम असतात, हे त्याला ठाऊक असल्यामुळे वाद तिथेच संपतो.

प्रथिनांखेरीजही या पास्त्यात घेण्यासारखे आहे, हे मात्र खरे. तंतू भरपूर असतात, फोलेट असते आणि साखर गव्हाच्या मानाने सावकाश चढते. डाळपास्तेकराचे दुर्दैव असे की त्याचे बहुतेक मुद्दे बरोबर असतात. बरोबर बोलणारा माणूस जेवणाच्या टेबलावर कोणाला आवडत नाही.

त्याची खरी परीक्षा गॅसपाशी होते. गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनांची पाण्यात जाळी होते. तिला ग्लुटेन म्हणतात. ही जाळी स्टार्चला धरून ठेवते, म्हणून गव्हाचा पास्ता दोन मिनिटे जास्त उकळला तरी अब्रू राखून असतो. चण्याला हे वरदान नाही. म्हणून उत्पादक त्यात वाटाण्याचा स्टार्च, टॅपिओका, झँथन गम असले काहीबाही घालून तो बांधतात. तरी त्याचा संयम अल्पच. वर कडधान्यातल्या सॅपोनिनांमुळे आणि प्रथिनांमुळे उकळताना असा फेस येतो की बायको आतून विचारते, "अहो, भांडी घासताय का?"

डाळपास्तेकर मोबाइलवर घड्याळ लावून उभा राहतो. पाचव्या मिनिटाला एक नळी चावून बघतो: कच्ची. सहाव्याला: जवळजवळ. तेवढ्यात शाळेतल्या मित्राचा फोन येतो आणि त्याला जागतिक कडधान्य दिन 10 फेब्रुवारीला का असतो हे समजावण्यात तीन मिनिटे जातात. (त्या दिवशी तो सगळ्यांना शुभेच्छा पाठवतो. 2016 हे संयुक्त राष्ट्रांचे कडधान्य वर्ष होते, तेव्हा आपण झोपलेले होतो, ही त्याची खंत आहे.) परत येऊन झाकण काढतो तर नळ्या गेलेल्या, पातेल्यात नुसता पिवळा गोळा. घर स्तब्ध. आई वाकून वास घेते आणि वर्षभरात प्रथमच तिचा चेहरा उजळतो. "अरे, पिठलं केलंयस होय! आधी नाही का सांगायचं? भाकरी टाकली असती." त्या रात्री घरातले सगळे पोटभर जेवतात. डाळपास्तेकर मात्र तत्त्वासाठी तेच काट्याने खातो.

उत्साहाच्या भरात तो कधी घसरतोही. परदेशी मालाच्या दुकानात मुगाच्या पारदर्शक शेवया मिळतात. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लोंगकोऊच्या शेवया त्यात नावाजलेल्या. मूग म्हणजे प्रथिने, या हिशोबाने तो पाच पुडे घेतो, महिनाभर खातो, आणि मग एके दिवशी मुलगी व्हिडिओ कॉलवर सांगते की बाबा, त्या मुगाच्या नुसत्या स्टार्चच्या असतात, प्रथिने काढून टाकलेली असतात. पुढचा आठवडा तो पुड्याची पाठ वाचताना जरा जास्तच मोठ्याने पुटपुटतो.

इटालियन माणूस या सगळ्याकडे कसा बघत असेल, हा विचार त्याला शिवत नाही. तिकडे 1967 साली कायदाच झाला की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा हवा. अर्थात इटालियनांना कडधान्याचे वावडे नाही. रोममध्ये 'पास्ता ए चेची' करतात, म्हणजे गव्हाचा पास्ता आणि अख्खे काबुली चणे एकाच भांड्यात. सोलापूरकडच्या चकोल्या दुसरे काय करतात? कणकेचे तुकडे तुरीच्या वरणात शिजतात. गव्हात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. डाळपास्तेकराला हे सांगितले की तो म्हणतो, "पण चकोल्यांत डाळ दिसते."

जळगावचा मित्र एकदा त्याला कोंडीत पकडतो. "आमची शेवभाजी म्हणजे बेसनाच्या नूडल्सच की! रस्सा तुझ्या सॉसपेक्षा झणझणीत." डाळपास्तेकर क्षणभर गडबडतो, पण हार मानत नाही. "शेव तळलेली असते," तो म्हणतो. मुद्दा पुन्हा बरोबर. मित्र वाटी पुढे सरकवतो. तो चवीपुरती म्हणून घेतो आणि तेलाच्या तवंगासकट दोन वाट्या संपवतो. ती नोंद पुढे आहाराच्या वहीत सापडत नाही.

आता वायूचा विषय. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते, मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू सोडतात. उसळीसाठी कडधान्य भिजवून, मोड काढून बायका हा उपद्रव बराच कमी करत आल्या. पास्त्याला मोड कुठून येणार? महिन्याभरात डाळपास्तेकराच्या ऑफिसातल्या बैठका लवकर आटपू लागतात आणि सहकारी खिडकीजवळच्या खुर्च्या धरतात. शेवटी आईच औषध सांगते आणि इटलीच्या त्या नळ्यांवर तेल, मोहरी, कढीपत्ता आणि चांगला चिमूटभर हिंग पडतो. चव लागते, पोट निवते. या शोधाला तो 'फ्यूजन' म्हणतो.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस शेजारच्या काकूंच्या नातवामुळे येतो. सात वर्षांच्या त्या मुलाला सिलिअॅक आहे. गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. वाढदिवसाला सगळी पोरे नूडल्स ओढत असताना हा घरून आणलेल्या डब्यातला भात खात बसतो. अशा मुलासाठी हा पास्ता चैनीचा राहत नाही, गरजेचा होतो. आपल्याकडे 'ग्लुटेनमुक्त' हा शिक्का मारायचा तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, हा नियम डाळपास्तेकराला पाठ असतो. तो पातेले राखेने नव्हे तर साबणाने तीनदा घासतो, पुडा फोडतो, घड्याळ लावतो, या खेपेस फोन बंद ठेवतो. नळ्या अब्रूने शिजतात. वर खमंग फोडणी.

काकू दारातच वास घेऊन थबकतात. "हिंग कुठला घातलात हो? डबीतला?"

डबीतलाच. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून डबीत भरताना तो डिंकात आणि पिठात कालवतात. ते पीठ कधी तांदळाचे असते, पुष्कळदा गव्हाचे. काकूंनी हे दवाखान्याच्या फेऱ्या मारत शिकून घेतलेले असते. डाळपास्तेकराला हे कोणत्याच पुड्याने सांगितलेले नसते. तो काही न बोलता पातेले आईसमोर ठेवतो, दुसरे घासतो, दुसरा पुडा फोडतो. या वेळी फक्त तेल, लसूण, टोमॅटो.

मुलगा पहिला घास घेतो, दुसरा घेतो, मग काटा टाकून हातानेच सुरू होतो. डाळपास्तेकर समोरच्या खुर्चीवर टेकतो. प्रथिने, तंतू, डेट्रॉइट, सगळे ओठांशी आलेले. अर्धी ताटली संपवून मुलगा एकदम थांबतो आणि संशयाने वर बघतो.

"काका, यात डाळ नाही ना? मला डाळ अजिबात आवडत नाही."

"छे, छे!" डाळपास्तेकर म्हणतो आणि आणखी एक डाव वाढतो. "डाळ कसली? पास्ता आहे हा."