सेटिंगचा फोटो पाठवत नाही

टोरोंटो

ती. दादा,

स्पीकरच्या सेटिंगचा फोटो मागितलास, पण तो पाठवत नाही. कंपनी तीच, मॉडेल तेच, तरीही इथले आकडे तुझ्या यवतमाळच्या बैठकीत लावलेस, तर दुर्गोत्सवाची वर्गणी कुठे द्यायची ते विचारायला शेजारी दारात उभे राहतील. कारण हे आकडे स्पीकरचे नाहीतच, खोलीचे आहेत. इथल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पातळ बोर्ड. खालच्या सुरांना ते स्वतःच थरथरतात आणि बराचसा बास गिळून टाकतात. वरच्या सुरांचं गालिचा बघून घेतो. म्हणून आम्हाला बास आणि ट्रेबल दोन्ही चढवावे लागतात. तुझ्याकडे विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. तिथे आवाजाला पळायला वाटच नाही, तो परत तुझ्याच अंगावर येतो.

हिशेबच मांडतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. त्यामुळे 12 फूट लांब खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो. भिंतींपाशी तो फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे भिंतीला टेकून दिवाणावर बसलेले बाबा ‘किती धडधडतंय’ म्हणाले आणि मधल्या खुर्चीतून तू ‘बासच नाही’ म्हणालास, तर तो पिढ्यांचा संघर्ष नव्हे, दोघंही खरंच बोलताय. खोली 12 बाय 12 असेल तर लांबी-रुंदीचे अडकलेले सूर एकमेकांत मिसळतात. वास्तुशास्त्र काहीही म्हणो, ध्वनिशास्त्राला चौरस खोली मानवत नाही. यात आपल्या उन्हाळ्याला मात्र उगाच दोष देऊ नकोस. 45 अंशांतही तो सूर 47 वरून फार तर 49 वर जाईल. खरा गुन्हेगार कूलर. त्याच्या घरघरीत डग्गा बुडतो आणि बातम्यांतले शब्दही. तेव्हा एप्रिल-मेसाठी वेगळं सेटिंग हवंच.

‘कंपनीच्या इंजिनिअरने ठरवलेलं आपण कशाला हलवायचं?’ असं तू म्हणशील. त्या बिचाऱ्याने तुझी बैठक कुठे पाहिली आहे? मग फोनच्या माइकवरून खोली मोजणारी सोय? ती चांगलीच आहे, फुगलेला सूर ती नीट कापते. पण नाहीसा झालेला सूर वाढवून परत येत नाही. जितका जास्त सोडशील तितकाच भिंतीवरून परतून स्वतःला खोडतो. तिथे खुर्ची दोन फूट सरकवणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे. राहता राहिला आवडीचा मुद्दा. आवड असतेच, पण सगळं आवडीवर ढकलता येत नाही. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं, की आवाज लहान केला की खालचे सूर कानाला इतरांपेक्षा जास्त मंद वाटतात. रात्री दहानंतर हळू लावलेल्या मैफलीत डग्गा हरवतो तो यामुळेच. रात्रीचा चढवलेला बास म्हणजे चैन नव्हे, भरपाई.

आता सेव्ह करण्याचं. सेटिंग फोनमधल्या ॲपमध्ये राहतं की स्पीकरमध्ये, ते आधी तपास. सेव्ह कर, प्लग काढ, परत लाव आणि वहिनींच्या फोनवरून उघडून बघ. तेच आकडे दिसले तर लाईन गेली तरी चिंता नाही. ‘कस्टम 1’, ‘कस्टम 2’ अशी नावं ठेवू नकोस, पुढच्या महिन्यात तुलाच ओळखू येणार नाहीत. ‘कूलर’, ‘रात्र’, ‘बाबा-बातम्या’ अशी ठेव. बातम्यांसाठी बास उतरव आणि 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग जरासा चढव. शब्दांचा स्पष्टपणा बराचसा तिथेच असतो. शिवाय सगळे आकडे कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहून ठेव. डिजिटल वस्तू घेऊन पुन्हा पेनच का, असं बाबा विचारतील. एखादा अपडेट येऊन सगळं पुसून गेलं, की विचारायचे थांबतील.

पण त्याआधी स्पीकर कोपऱ्यातून दीडेक फूट पुढे ओढ, बास तिथेच सगळ्यात जास्त फुगतो. वहिनींची फुलदाणी त्याच्यावर असेल तर आधी उतरव. बास चढला की ती चालायला लागेल.

तुझा,
धाकटा