७८ पत्त्यांचा विद्यार्थी

पत्त्यांचा जोड हातात आला की चारचौघं आधी तो पिसतात. पुस्तकावरून टॅरो शिकणारा माणूस आधी पुस्तकाला खाकी कव्हर घालतो. मग पिवळा हायलायटर येतो, दोनशे पानी वही येते, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' येतो. दहावीला 'एकवीस अपेक्षित' तोंडपाठ करून पास झालेली ही पिढी; समोर काहीही आलं तरी तिला त्यातून प्रश्न कुठला येणार हेच दिसतं. मोठे पत्ते २२, छोटे ५६, म्हणजे एकूण ७८. सोपं आहे, तो म्हणतो. पत्ता उलटा आला की अर्थही बदलतो, म्हणजे पाठ करायचे १५६, हे दुसऱ्या प्रकरणात कळतं. त्या रात्री तो जेवताना फारसा बोलत नाही.

छोट्या पत्त्यांत तलवारी, प्याले, नाणी आणि दांडकी असे चार रंग असतात. कॉलेजात लेक्चरं बुडवून मेंढीकोट खेळलेला असल्यामुळे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्याशी त्यांची जोडी तो मनातल्या मनात केव्हाच लावतो. बोलून मात्र दाखवत नाही. शास्त्र आणि मेंढीकोट एका दमात बोलायचे नसतात. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निव्वळ खेळण्यासाठी निघाले आणि फ्रान्समध्ये टॅरो नावाचा डाव आजही रंगतो, हे सांगणारं प्रकरण तो म्हणूनच भराभर उलटतो आणि थेट इजिप्तवर येतो. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी शाम्पोलियोंने उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे अक्षर लागायच्या चाळीस वर्षं आधी या गृहस्थांनी अर्थ लावून ठेवला होता. आपल्या विद्यार्थ्याला यात काहीच खटकत नाही. त्याचंही तसंच चाललेलं असतं.

एकदा प्रतीकं शिकायला लागला की घरात काही साधं राहत नाही. 'फूल' नावाच्या पत्त्यावर कड्याच्या टोकावर उभा तरुण असतो, खांद्यावर गाठोडं, हातात पांढरा गुलाब, पायाशी पांढरं कुत्रं. कुत्रं त्याला सावध करतंय की ढकलतंय, यावर त्याचा एक रविवार जातो. 'हाय प्रीस्टेस'च्या मागच्या पडद्यावर डाळिंबं आहेत हे कळल्यापासून बायको डाळिंब सोलायला बसली की हा गंभीर होतो. ती सांगते, भगवा आहे, सोलापूरचा. तो भगव्या रंगाचा अर्थ बघायला वही उघडतो.

खरी पंचाईत पुस्तकं एकाची दोन झाली की होते. जुन्या जोडांत आठवा पत्ता 'न्याय' आणि अकरावा 'सामर्थ्य'. लंडनला १९०९ साली निघालेल्या जोडात आर्थर एडवर्ड वेटने या दोघांच्या जागा बदलल्या. याच्याकडे जोड नवा आणि रद्दीवाल्याकडून आणलेलं पुस्तक जुन्या पद्धतीचं, आणि हा अर्थ शोधतो आकड्यावरून. त्यामुळे गुडघेदुखीबद्दल विचारणाऱ्या काकांना तो कोर्टाचा निकाल सांगतो. काकांची जागेची केस खरोखरच चालू असते. ते खूश होऊन जातात आणि याची कीर्ती दोन मजले वर जाते.

तिथून खाली येतात एक सरकारी नोकरीतल्या वहिनी. प्रश्न एकच: बदली होईल का? पत्ता निघतो तेरावा, मृत्यू. काळ्या चिलखतातला सांगाडा, पांढरा घोडा, टापांखाली पडलेला राजा. वहिनींचा चेहरा उतरतो. हा क्षण विद्यार्थ्याने आरशासमोर घोटलेला असतो. "घाबरू नका वहिनी, डेथ म्हणजे मरण नव्हे. डेथ म्हणजे परिवर्तन." "म्हणजे बदली होणार?" "होणार." "कुठे हो, भाऊजी?" याचं उत्तर अपेक्षितमध्ये नसतं. तो चित्र डोळ्यांजवळ नेतो. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. एक पुस्तक म्हणतं उगवतोय, दुसरं म्हणतं मावळतोय. पूर्व की पश्चिम हे ठरेना, त्यामुळे गडचिरोली की रत्नागिरी हेही ठरेना. तो तिसरं पुस्तक काढतो. या सगळ्या वेळात वहिनींचा मुलगा बारावीत आहे आणि त्यांना बदली नकोच आहे, एवढं त्याने नुसतं मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. रस्त्यावरच्या पोपटाला ते कळतं असं नाही. पण पोपट निदान पाकीट काढून पिंजऱ्यात परत जातो.

मला त्याचा राग येतो तो एकाच गोष्टीसाठी. आपल्या जोडाला तो मोठ्या आदराने 'रायडर-वेट' म्हणतो. रायडर हे प्रकाशकाचं नाव, वेटने कल्पना दिल्या. ७८ चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ हिने, आणि फार मोठं काम फार थोड्या पैशांत केलं असं तिने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. १९५१ मध्ये ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात हलाखीत वारली. याच्या वहीत तिचं नाव कुठेही नाही. तिची सही मात्र आहे. चित्राच्या कोपऱ्यातली ती वळणावळणाची आद्याक्षरं त्याने 'सर्प: सुप्त कुंडलिनी' अशी नोंदवून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

तुमच्या इमारतीत असा कुणी असेल तर जरूर जाऊन बसा. तो फी घेत नाही, आपण अजून शिकतोय असं प्रांजळपणे सांगतो. फक्त जेवून जा. सेल्टिक क्रॉसच्या मांडणीत पत्ते १० असतात, पुस्तकं तीन, आणि चष्मा त्याला प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागतो. प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर 'परिवर्तन' चालेल. गावाचं नाव विचारू नका.