वारशातली गुप्त शक्ती

कर्णाच्या अंगात सूर्याच्या आणखी कोणत्या शक्ती सुप्त होत्या, यावर आमच्याकडे रात्र रात्र वाद रंगतात. नुसत्या कवचकुंडलांवर कुणाचं समाधान होत नाही. पण जन्मजात शक्तीचा सिद्धान्त खरा कसाला लागला तो महाडात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. गुरं पाणी प्यायली तरी शुद्ध राहणारं तळं त्या ‘अस्पृश्य’ ओंजळीनं म्हणे बाटलं! मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ झालं. स्पर्शात एवढं सामर्थ्य सूर्यपुत्राच्याही नव्हतं. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला: तळ्यावर अस्पृश्यांना बंदीची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.