एन कसारा, एस कर्जत

अंबरनाथ पूर्वेला समुद्र नाही. वालधुनी आहे, पण तिला नदी म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. शिवमंदिर बांधणाऱ्या शिलाहारांचा मात्र दर्याशी संबंध होता. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रातच बुडाला म्हणतात. देऊळ शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं. त्यानंतर आमच्या बाजूचं कोणी शिडाच्या नादी लागल्याचं ऐकिवात नव्हतं. मग माझा मेहुणा लागला.

तीन मित्रांत मिळून त्यानं मांडव्याला चोवीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. शीड बरं, डोलकाठी बरी, यंत्रं सगळी बंद. मी आनंदनगर एमआयडीसीत प्रेशर गेज तपासायचो, एवढ्या भांडवलावर हुकूम आला, “भाऊजी, चला!”

रविवारी मेगाब्लॉक, म्हणून शनिवारी निघालो. कुर्ल्याला हार्बर, रे रोडला उतरून दारुखाना. साखळ्या, नांगर, दोरखंड, मोडीत निघालेल्या जहाजांच्या गोल खिडक्या. त्यातल्याच एका दुकानात बारा इंची चार्टप्लॉटर चालू झाला आणि पडद्यावर अक्षरंच अक्षरं उमटली. एसओजी, सीओजी, टीडब्ल्यूएस.

आमची हयात इंडिकेटर वाचण्यात गेली. ए अंबरनाथ, बीएल बदलापूर, एन कसारा, एस कर्जत. पडद्यावरच्या होकायंत्रात वर एन होता, खाली एस. मी म्हटलं, “वा! कसारा वर, कर्जत खाली. बरोबर आहे की!” दुकानदार बघतच राहिला. वेस्टर्नचा असणार.

मग तो म्हणाला, वारा दोन प्रकारचा, भासणारा आणि खरा. मेहुणा गडबडला. मी त्याला समजावलं, लोकलच्या दारात तोंडावर येतो तो भासणारा, सिग्नलला गाडी थांबली की उरतो तो खरा. बोट स्वतः चालते, त्यामुळे डोलकाठीच्या टोकावरच्या पंख्याला भासणाराच कळतो. त्यातून बोटीची चाल वजा करून यंत्र खरा दाखवतं.

“आणि चौथ्या सीटवर?”

“तिथं दोन्ही नसतात.”

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एनएमईए २००० नावाच्या एकाच तारेवरून एकमेकांशी बोलतात, असंही दुकानदारानं सांगितलं. माझ्या सासरी अशी तार टाकून मिळेल का, हे मेहुण्यासमोर विचारता आलं नाही.

उन्हात आकडे दिसतात का बघायला आम्ही पडदा रस्त्यावर आणला. मेहुण्यानं ऐटीत पोलराइज्ड गॉगल चढवला आणि ओरडला, “बंद पडला!” पडदा चालूच होता. गॉगलची काच आणि पडद्याची काच यांचं जमेना, एवढंच. मान वाकडी केली की चित्र यायचं, सरळ केली की अंधार. दहा मिनिटं तो भर रस्त्यात पोपटासारखा मान तिरकी करून उभा होता. दोन हमाल टेम्पो सोडून बघायला आले.

मी शेवटचं अस्त्र काढलं. “२०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसला बंदीच होती. अभिलाष टॉमी सेक्स्टंटवर निघाले होते.”

“आणि दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पाठ जायबंदी झाली, तेव्हा निरोप उपग्रहावरूनच धाडला ना?” मेहुण्याचा अभ्यास होता. पैसे नव्हते.

माझं मत एकच होतं. बोटीचा कणा पाण्याखाली चार फूट, ओहोटीला खाली चिखल. वारा गालाला कळतो, किनारा डोळ्यांना दिसतो, तळ तेवढा दिसत नाही. शिवाय बारा इंची पडदा ती म्हातारी बॅटरी पिऊन टाकणार. शेवटी फक्त इको साउंडर घेतला आणि उरलेल्या पैशात वडापाव.

मांडव्याला नेण्याआधी चाचणी हवी. आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सेन्सर सोडला, स्कूटरची बॅटरी जोडली. आकडा आला, १.७ मीटर. सेक्रेटरी वाकून बघत होते. मी हौसेनं उथळ पाण्याचा अलार्म एक मीटरवर लावून दाखवला. तिथंच चुकलं.

पहाटे पाचला यंत्र किंचाळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून ओरडत सुटल्या, “ओहोटी लागली हो, बादल्या भरा!”

मेहुण्याचा दर आठवड्याला फोन येतो. सेक्रेटरी म्हणतात, पावसाळ्यापर्यंत राहू द्या. बोट सध्या दोरीला शिशाचा गोळा बांधून चालवतात.