सेटिंगवाले दादा

परंड्याला जा, उमरग्याला जा, कळंबच्या बाजारपेठेत जा. धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक आळीत एक सेटिंगवाले दादा असतातच. वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण बीए आणि एमएससीआयटी, वरच्या खिशात पेनड्राइव्ह आणि गाडीच्या किल्लीला लटकवलेला छोटा स्क्रू-ड्रायव्हर. कुणाच्या पोराची गेम अडखळायला लागली की यांना निरोप जातो, "दादा, लई अडकायलीय. जरा येऊन बघा की."

दादांची सगळी कीर्ती 'व्हाइस सिटी'वर उभी आहे. 2003 साली ती गेम संगणकावर आली आणि तिला 128 एमबी रॅम पुरायची. दादांनी हात लावला की ती चालायची. हात लावला नसता तरी चालली असती, पण तसं कुणी करून पाहिलं नाही.

आताचं दुखणं वेगळं आहे. पोरानं पुण्याहून एक चपटा डेस्कटॉप स्वस्तात उचललेला असतो. कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेला, दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, 4 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्डाच्या नावानं शंख. आणि त्याला त्यावर 'जीटीए फाइव्ह' पळवायची असते. 2015 साली ही गेम संगणकावर आली तेव्हाच कंपनीनं सांगून ठेवलं होतं की कमीत कमी 4 जीबी रॅम, 1 जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मोकळी जागा लागेल. दादांना हे मान्य नाही. "त्ये कंपनीवाले काय बी लिहितेत. त्यांला कार्डं खपवायची असतेत."

मग पूजा मांडली जाते. आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश. एकदा नाही, माळ जपावी तसा. त्यानं संगणकाला काही होत नाही, दादांना मात्र हुशारी येते. मग टेम्प फाइली उडवायच्या, अँटिव्हायरस काढायचा, गेमचं रिझोल्यूशन 800 बाय 600 वर आणायचं, सावल्या बंद, गवत बंद. आता पडद्यावरचा हिरो बिनसावलीचा, बिनचेहऱ्याचा होतो आणि तरी दर दहा पावलांवर थिजतो. शेवटी व्हर्च्युअल मेमरी वाढवायची. ही दादांची ठेवणीतली विद्या. म्हणजे रॅम संपली की हार्ड डिस्कचा तुकडा रॅम म्हणून वापरायचा. पण रॅमच्या मानानं हार्ड डिस्क इतकी सावकाश की सगळं अडतं तिथंच. विहिरीला पाणीच नसताना स्टार्टर बदलत बसण्यातला हा प्रकार.

एवढ्यात घरातली बारावीतली पोरगी टास्क मॅनेजर उघडून दाखवते. मेमरी 95 टक्के, डिस्क 100 टक्के. "बघा दादा, डिस्क शंभरावर गेलीय." दादा समाधानानं मान हलवतात. "मग? शंभर म्हणल्यावर फुल्ल ताकद लावायलंय की त्ये!"

ती बिचारी सांगायला जाते, की वेगळं कार्ड नसलं की चित्र काढायचं कामही प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर पडतं, ते रॅममधूनच वाटा मागतं, आणि त्या 4 जीबीतला मोठा घास विंडोजनं आधीच घेतलेला असतो. दादा तोवर कॅबिनेट खोलून बसलेले असतात.

हा भाग बघण्यासारखा असतो. आत पंख्यावर धुळीची गादी, कोपऱ्यात कोळ्याचं बिऱ्हाड. दादा रॅमची पट्टी काढतात, पोराच्या कंपासमधलं खोडरबर मागतात आणि सोनेरी दात हलक्या हातानं घासतात. डोळे बारीक, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. संगणक चालूच होत नसेल तर हा इलाज कधी कधी लागू पडतो. गेम मंद असेल तर पट्टी फक्त चकचकीत होते. डबा मग पंक्चरच्या दुकानात नेऊन हवेनं झटकतात. सगळ्या उपायांत हाच काय तो शास्त्राला धरून! आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. दादा एवढ्यावर थांबले तर पुण्य लागेल. पण ते उघडा डबा पाण्याच्या कूलरसमोर ठेवायला सांगतात, आणि ओली हवा थेट मदरबोर्डावर!

काही जमलं नाही की शेवटचं वाक्य ठरलेलं. "विंडोज खराब झालीय. फॉरमॅट मारावं लागंल." यात घरातले लग्नाचे फोटो जातात, ते वेगळं. बाप दारातून विचारतो, "नवं घ्यायला लावता का काय? सोयाबीनला भाव नाही." दादा म्हणतात, "नाही काका, नव्याची काय गरज?" बापाला हायसं वाटतं. दादांचा मान टिकून आहे तो या एका वाक्यावर. फुकटचा इलाज सांगणाऱ्याला आपल्याकडे कुणी खोटा म्हणत नाही. पैसेही ते घेत नाहीत. चहा घेतात, भूमकडचं कुणी असेल तर खवा घेतात.

तुमच्याकडे असा डबा असेल तर दादांना बोलवायच्या आधी एवढं करा. फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. मदरबोर्डावर मोकळी खाच असेल तर 4 जीबीची आणखी एक डीडीआर-थ्री पट्टी घाला, जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. 'जीटीए फाइव्ह' धड पळणार नाहीच, पण विंडोज झटकन उघडेल आणि जुन्या गेम मजेत चालतील. बसवायला मात्र दादांनाच बोलवा, कारण तुमच्या कॅबिनेटचे दोन स्क्रू मागच्या खेपेपासून त्यांच्याच खिशात आहेत.