माणसे पाहिजेत, पण मे अखेरपर्यंतच

पावसाळा ओसरला, की गोमंतकाच्या किनाऱ्यावर बांबू आणि माडाच्या झावळ्या यांच्या आधाराने ‘शॅक’ नामक हंगामी भोजनगृहे उभी राहतात, आणि त्यांच्या पाठोपाठ, तितक्याच नियमाने, ‘कामाला माणसेच मिळत नाहीत हो!’ ही मालकवर्गाची करुण तक्रारही उभी राहते. राज्याच्या पर्यटनस्थळांच्या यादीत तिचा रीतसर समावेश करण्यास आता कोणाची हरकत नसावी.

२०२३ साली सरकारने फर्मान काढले, की प्रत्येक शॅकमध्ये मासळीची कढी आणि भात मिळालाच पाहिजे. गोमंतकीय संस्कृतीचे असे यथाविधी रक्षण झाले. आता ती कढी ढवळणारा आचारी पुष्कळदा नेपाळच्या किंवा झारखंडच्या डोंगरातला असतो, ही गोष्ट अलाहिदा. त्या बिचाऱ्यास आम्ही दोष देत नाही. समुद्र आयुष्यात प्रथमच पाहिलेला तो पोरगा कोकमाच्या आंबटपणाविषयी गिऱ्हाइकाशी अशा अधिकारवाणीने बोलतो, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. आणि रात्री शेवटचे टेबल पुसून झाल्यावर, ज्या खाटांवर दिवसभर परदेशी पाठी उन्हात भाजून निघतात, त्यांतलीच एक ओढून तो निजतो.

मग गोंयकार तरुण गेला कोठे? ‘तो आळशी झाला, त्याला कष्ट नकोत,’ असा मालकांचा एकमुखी निवाडा आहे. परंतु हाच आळशी इसम ‘बोटीवर’ जातो, तेव्हा प्रवासी जहाजावर तेच ताट, तोच ट्रे, तेच हसू घेऊन महिनोन् महिने उभा राहतो. मायभूमीचा किनारा दृष्टीआड होताच हा आळस कसा पळतो, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न असावा. हातात करारपत्र आणि पगार डॉलरमध्ये, या क्षुल्लक बाबींशी त्याचा संबंध जोडणे मालकांना तरी असभ्यपणाचे वाटते.

इकडे ३१ मे रोजी शॅक मोडतो आणि त्याबरोबर नोकरीही. जून ते सप्टेंबर हा काळ नोकराने कशावर काढावा, याची नोंद कोणाच्याही दप्तरात सहसा आढळत नाही. जाहिरातीत मात्र ‘अनुभवी, हसतमुख, इंग्रजी व रशियन जाणणारा’ अशी वधूसंशोधनास शोभेल अशी अपेक्षा असते, आणि वेतनाच्या रकान्यात ‘समक्ष भेटीत ठरेल’!

मालकमहाशयांस आमची नम्र विनंती, की येत्या हंगामाच्या जाहिरातीत पगाराचा आकडा आणि पावसाळ्यातील निर्वाहाची तजवीज एवढ्या दोन ओळी छापून पाहाव्यात, आणि त्यानंतरही माणसे आली नाहीत, तर खुशाल तक्रार करावी.